हिशेबांवरून शेअरची रास्त किंमत कशी काढावी: चाकणच्या एका उदाहरणासह

पुण्यात शेअर घेणाऱ्या माणसाला कंपन्या जवळून माहीत असतात. आकुर्डीला बजाज ऑटो, मुंढव्याला भारत फोर्ज, हिंजवडीला केपीआयटी. नात्यातले कुणीतरी तिथे नोकरीला असते, नाहीतर भोसरीच्या वर्कशॉपमधून त्यांना माल पुरवत असते. ही ओळख उपयोगाची आहे, पण तेवढ्यावरून शेअर स्वस्त की महाग हे कळत नाही. उत्तम कंपनीचा शेअर भलत्या भावाला घेतला, तर वर्षानुवर्षे थांबूनही बँकेतल्या ठेवीइतके हाती लागत नाही. भाव रोज मोबाइलवर दिसतो. किंमत मात्र स्वतः बसून काढावी लागते, आणि त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती कंपनीनेच छापून दिलेली असते.

इथे जी पद्धत सांगतो आहे ती हिशेबांवर आधारलेली आहे. तिचे सूत्र असे: रास्त किंमत म्हणजे भागधारकांचा आज कंपनीत असलेला पैसा, अधिक पुढच्या वर्षांत मिळणाऱ्या जादा नफ्याचे आजचे मोल. जादा नफा म्हणजे भागधारकांनी त्या पैशावर धरलेल्या अपेक्षेच्या वरचा नफा. कंपनीत तुमचे १०० रुपये आहेत, तुमची अपेक्षा वर्षाला १२ रुपयांची आहे आणि कंपनी २० कमावते, तर जादा नफा ८. ती बाराच कमावत राहिली, तर त्या १०० रुपयांची किंमत १००च. आणि ८ कमावत राहिली, तर कंपनी नफ्यात असूनही त्या १०० रुपयांचे मोल १०० पेक्षा कमी. हा शेवटचा मुद्दा नवख्यांना पचायला वेळ लागतो, पण सगळी पद्धत त्यावर उभी आहे. जेम्स ओल्सन यांच्या १९९५ च्या शोधनिबंधानंतर ही मांडणी अभ्यासकांत रुळली. भविष्यातले सगळे लाभांश आजच्या मोलात आणण्याची जुनी रीत आहे. हिशेब नीट जुळवले तर दोन्हींचे उत्तर गणिताने एकच येते. नवख्याने जादा नफ्याची वाट धरावी असे मला वाटते, कारण तिच्यात किंमतीचा मोठा भाग आजच्या ताळेबंदातून येतो आणि वीस वर्षांनंतरच्या अंदाजांवर भार कमी पडतो.

आधी कागद

एका कंपनीचे किमान सात वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर ते असतात, बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवरही फुकट मिळतात. आपल्याकडे कंपन्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते. वार्षिक सभा बहुतेकांना ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस किमान २१ दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये नवे अहवाल येऊ लागतात.

अहवालात दोन प्रकारचे हिशेब असतात, स्टँडअलोन आणि कन्सॉलिडेटेड. आपल्याला कन्सॉलिडेटेड हवेत, कारण उपकंपन्यांचा नफा-तोटा आणि कर्ज त्यातच दिसते. अध्यक्षांचे पत्र आणि रंगीत फोटो शेवटी वाचा. सुरुवात लेखापरीक्षकाच्या अहवालापासून करा. २०१८-१९ पासून नोंदणीकृत कंपन्यांच्या लेखापरीक्षकाला 'की ऑडिट मॅटर्स' म्हणून एक भाग लिहावा लागतो. हिशेबातल्या कोणत्या जागा त्याला सर्वांत जास्त तपासाव्या लागल्या, ते तिथे असते. तुम्हीही त्याच जागा तपासायच्या आहेत. मग ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोकड प्रवाह पत्रक, आणि त्यानंतर टिपा. टिपा कंटाळवाण्या वाटतात, पण खरे काम तिथेच आहे.

एक इशारा. २०१६-१७ आणि २०१७-१८ या दोन टप्प्यांत नोंदणीकृत कंपन्या इंड एएस या हिशेब मानकांवर आल्या. बँका आणि वित्त कंपन्यांचे वेळापत्रक वेगळे होते. त्याच्या आधीचे आकडे नंतरच्यांशी सरळ जोडू नका.

नेटवर्थ साफ करणे

नेटवर्थ म्हणजे भागधारकांचा कंपनीत असलेला पैसा. आता एक कल्पित कंपनी घेऊ. चाकणला कारखाना, ट्रकचे सुटे भाग बनवते, १० कोटी शेअर आहेत. ताळेबंदात एकूण इक्विटी, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता उरलेली रक्कम, ८६५ कोटी रुपये दिसते.

यातून आधी 'नॉन-कंट्रोलिंग इंटरेस्ट' काढा. उपकंपन्यांमधला इतर भागीदारांचा तो वाटा आहे, तुमचा नाही. आपल्या उदाहरणात तो २५ कोटी आहे. राहिले ८४० कोटी.

मग मालमत्तेच्या बाजूला जा आणि प्रत्येक ओळीला विचारा, ही खरोखर एवढ्याची आहे का? आपल्या कंपनीत 'इन्टँजिबल अ‍ॅसेट्स अंडर डेव्हलपमेंट' या शीर्षकाखाली ४० कोटी आहेत. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठीच्या एका प्रकल्पाचा खर्च नफ्यातून वजा न करता मालमत्ता म्हणून मांडला आहे. मार्च २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बदल झाले. तेव्हापासून अशा अपुऱ्या प्रकल्पांचे वय टिपेत द्यावे लागते: एक वर्षाच्या आतले किती, तीन वर्षांहून जुने किती. आपल्या ४० कोटींपैकी जवळपास सगळे तीन वर्षांच्या पलीकडचे आहेत आणि ग्राहकाचे नाव कुठेच नाही. मी ते पूर्ण वजा करतो. उद्या प्रकल्प यशस्वी झालाच, तर नफा वाढून ते मोल आपोआप परत येईल. उरले ८०० कोटी, म्हणजे शेअरला ८० रुपये. हा आपला पाया.

याच बदलांनी येण्यांचेही, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या पैशांचेही, वय देणे बंधनकारक केले. सहा महिन्यांच्या पुढची येणी दरवर्षी वाढत असतील आणि बुडीत येण्यांची तरतूद मात्र तेवढीच असेल, तर तिथेही थोडी कात्री लावा. शिवाय प्रमुख गुणोत्तरे छापावी लागतात, आणि एखादे २५ टक्क्यांहून जास्त बदलले तर कारण द्यावे लागते. ती कारणे जरूर वाचा. 'व्यवसाय वाढल्यामुळे' असे मोघम कारण आणि नेमके कारण यांतून व्यवस्थापनाचा स्वभाव कळतो.

जमिनीबद्दल पुण्यात फार गैरसमज आहे. "कंपनीची पिंपरीतली जमीनच केवढ्याची आहे!" हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. एमआयडीसीचे प्लॉट साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेले असतात. हस्तांतरासाठी महामंडळाची परवानगी लागते आणि प्रीमियम भरावा लागतो. शिवाय कारखाना तिथे चालू असेपर्यंत ते पैसे भागधारकाला मिळणारच नाहीत. जमीन खासगी मालकीची आहे, रिकामी आहे आणि विकण्याचा निर्णय जाहीर झाला आहे, असे असेल तेव्हाच तिचा वेगळा विचार करा.

शेवटी संभाव्य देण्यांची टीप पाहा. कर, अबकारी, कामगार न्यायालय यांतले दावे ताळेबंदात नसतात, फक्त टिपेत असतात. एकूण रक्कम नेटवर्थच्या मानाने किरकोळ असेल तर पुढे चला.

नफा साफ करणे

आपल्या कंपनीने गेल्या वर्षी मालकांच्या वाट्याचा निव्वळ नफा २०० कोटी दाखवला. शेअरमागे २० रुपये. बाजारात भाव २४० आहे. म्हणजे पी-ई (भाव भागिले शेअरमागचा नफा) फक्त १२, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर हा शेअर स्वस्त म्हणून फिरतो आहे.

नफा-तोटा पत्रकात 'एक्सेप्शनल आयटम्स' अशी एक ओळ आहे. टीप सांगते की भोसरीच्या जुन्या प्लॉटचे हक्क हस्तांतरित केले आणि त्यातून कर वजा जाता ३० कोटी मिळाले. ते पैसे खरे आहेत आणि नेटवर्थमध्ये जमाही झाले आहेत, पण पुढच्या वर्षी तो प्लॉट पुन्हा विकता येणार नाही. म्हणून चालू नफा १७० कोटी.

असे उत्पन्न नेहमी ठळक ओळीत येत नाही. बरेचदा ते 'इतर उत्पन्न' या डब्यात असते: जुन्या तरतुदी परत घेणे, विमा दावा, म्युच्युअल फंडांवरचा नफा. सात वर्षांच्या इतर उत्पन्नाची फोड ओळीने मांडा आणि जे एकदाच दिसते ते काढा. उलट दिशेनेही प्रामाणिक राहा. दरवर्षी 'एकदाच घडलेला' पुनर्रचनेचा खर्च दाखवणाऱ्या कंपनीत तो खर्च दरवर्षीचाच समजा.

घसारा म्हणजे यंत्रे झिजतात म्हणून दरवर्षी नफ्यातून वजा होणारी रक्कम. तिच्याकडे खास लक्ष द्या, कारण कारखानदारी कंपन्यांत नफा फुगवण्याची ती सर्वांत सोपी जागा आहे. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रांचे आयुष्य १५ वर्षे धरले आहे. यंत्र दोन पाळ्यांत चालले तर तेवढ्या काळाचा घसारा ५० टक्क्यांनी, तीन पाळ्यांत चालले तर १०० टक्क्यांनी वाढतो. तांत्रिक कारण देऊन कंपनी वेगळे आयुष्य धरू शकते. म्हणून टिपेत पाहा: तीन पाळ्या चालवणारी कंपनी यंत्रे २० किंवा २५ वर्षे टिकतील असे धरते आहे का? त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दोन कंपन्या काय धरतात? फरक मोठा असेल तर घसारा स्वतः वाढवून नफा कमी करा. चाकणच्या कारखान्यात किती पाळ्या चालतात हे पुण्याच्या माणसाला कंपनीच्या बसगाड्यांवरूनही कळते. स्थानिक ओळखीचा खरा उपयोग इथे आहे.

त्यानंतर रोकड. सात वर्षांचा निव्वळ नफा बेरीज करा. सात वर्षांची 'ऑपरेटिंग' रोकड, म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेले पैसे, बेरीज करा. उत्पादन करणाऱ्या कंपनीत घसारा रोख खर्च नसल्यामुळे दुसरी बेरीज पहिलीपेक्षा मोठी यायला हवी. इथे एक खाचखळगा आहे: इंड एएसनुसार दिलेले व्याज आणि भाडेपट्ट्यांच्या मुद्दलाची परतफेड ऑपरेटिंगमध्ये नसून 'फायनान्सिंग'मध्ये दाखवतात. भाडेपट्ट्यांचा हा नियम १ एप्रिल २०१९ पासूनचा. दोन्ही रकमा ऑपरेटिंग रोकडीतून वजा करून मगच तुलना करा. तरीही रोकड नफ्याच्या बरीच मागे राहत असेल, तर विक्री कागदावर जास्त आणि वसुलीत कमी आहे. अशा कंपनीची किंमत काढण्याचा खटाटोप करू नये, असे माझे ठाम मत आहे. दुसरी कंपनी घ्या.

रोकड शिल्लक आहे म्हणजे ती खरी आहे, असेही नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या रोकड आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बाहेरच्या माणसाला करता येईल अशी एक साधी तपासणी आहे. वर्षभराचे व्याज उत्पन्न सरासरी रोकड, ठेवी आणि रोख्यांनी भागा. बँका ठेवीवर ७ टक्के देत असताना कंपनीला २ टक्केच मिळत असतील, तर कारण शोधा. पैसे चालू खात्यात पडून असतील, फक्त मार्चअखेरीस जमवलेले असतील, किंवा नसतीलच.

आणखी एक टीप चुकवू नका: 'रिलेटेड पार्टी'. प्रवर्तकांच्या खासगी कंपन्यांना दिलेली कर्जे, नाव वापरण्याचे शुल्क, घरच्याच कंपनीकडून चढ्या दराने खरेदी, हे सगळे तिथे दिसते.

एका चांगल्या वर्षावर भाळू नका

ट्रकचा धंदा भरती-ओहोटीचा. २०१९-२० आणि २०२०-२१ ही दोन वर्षे व्यापारी वाहनांना फार वाईट गेली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे नवे मानक आले, त्यात टाळेबंदी, आणि चाकण-तळेगावच्या पुरवठादारांनी ते दिवस पाहिले आहेत. अशा धंद्यात एकाच वर्षाचा नफा धरला तर फसगत होते. भरतीच्या वर्षी नफा फुगतो, पी-ई लहान दिसतो आणि शेअर नेमका महाग असताना स्वस्त वाटतो. ओहोटीत उलटे.

म्हणून दरवर्षीचा साफ केलेला नफा त्या वर्षाच्या सुरुवातीच्या नेटवर्थने भागा. याला आरओई म्हणतात. आपल्या कंपनीत गेल्या वर्षी सुरुवातीचे साफ नेटवर्थ ६६० कोटी होते. नफा १७०. आरओई २६ टक्के. सात वर्षांची ओळ मांडली तर ती अशी: २४, २५, १४, ९, १८, २४, २६. सरासरी २० टक्के. पुढच्या वर्षांसाठी मी २० धरीन. ८०० कोटींवर २० टक्के म्हणजे १६० कोटी, शेअरमागे १६ रुपये. छापलेल्या २० रुपयांवरून आपण इथवर आलो.

कर्जाकडेही एक नजर असू द्या. कर्ज वाढवून आरओई वर नेता येतो, पण ओहोटीत तेच कर्ज गळ्याशी येते. सात वर्षांत आरओई वाढला आणि कर्जही नेटवर्थच्या मानाने तितकेच वाढले असेल, तर सुधारणा धंद्यात झालेली नाही.

भागधारकाची अपेक्षा

दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर अलीकडच्या वर्षांत साधारण ६ ते साडेसात टक्के मिळत आले आहेत. तिथे मुद्दल बुडण्याची भीती नाही. शेअरमध्ये ती आहे, म्हणून वर काहीतरी हवे. स्थिर धंद्याला ४ ते ५ टक्के, चढउताराच्या किंवा कर्जबाजारी धंद्याला ६ ते ७, असे मी धरतो. पुस्तकात बीटा वगैरे सूत्रे सापडतील. नवख्याने त्यात अडकू नये. आपल्या उदाहरणासाठी १२ टक्के धरू.

आता गणित

एक्सेल उघडा. पाया ८० रुपये, आरओई २० टक्के, अपेक्षा १२ टक्के. कंपनी नफ्यातले ३० टक्के लाभांश म्हणून देते, ७० टक्के आत ठेवते, म्हणून पुस्तकी मूल्य, म्हणजे शेअरमागचे नेटवर्थ, दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढेल.

| वर्ष | सुरुवातीचे पुस्तकी मूल्य | नफा | अपेक्षा | जादा नफा | जादा नफ्याचे आजचे मोल |
|---|---|---|---|---|---|
| १ | ८०.०० | १६.०० | ९.६० | ६.४० | ५.७१ |
| २ | ९१.२० | १८.२४ | १०.९४ | ७.३० | ५.८२ |
| ३ | १०३.९७ | २०.७९ | १२.४८ | ८.३२ | ५.९२ |
| ४ | ११८.५२ | २३.७० | १४.२२ | ९.४८ | ६.०३ |
| ५ | १३५.१२ | २७.०२ | १६.२१ | १०.८१ | ६.१३ |

आजचे मोल काढताना पहिल्या वर्षाचा जादा नफा १.१२ ने एकदा भागायचा, दुसऱ्या वर्षाचा दोनदा, असे पुढे. पाच वर्षांची बेरीज २९.६१ रुपये.

पाच वर्षांनंतर काय? सगळी मतभिन्नता इथे असते. मी तीन उत्तरे काढून ठेवतो.

पहिले, कडक उत्तर: स्पर्धा येते आणि जादा नफा संपतो. किंमत ८० अधिक २९.६१, म्हणजे सुमारे ११० रुपये.

दुसरे: जादा नफा हळूहळू विरतो, दरवर्षी आधीच्या ८० टक्के उरतो. पाचव्या वर्षाच्या १०.८१ ला ०.८ ने गुणायचे आणि ०.३२ ने भागायचे. हे ०.३२ म्हणजे १.१२ वजा ०.८. उत्तर २७.०२, आजच्या मोलात १५.३३. एकूण किंमत सुमारे १२५.

तिसरे, उदार उत्तर: पाचव्या वर्षाचा जादा नफा तेवढाच कायम राहतो. १०.८१ भागिले ०.१२, म्हणजे ९०.०८, आजच्या मोलात ५१.११. किंमत सुमारे १६१.

सुट्या भागांच्या धंद्यात मोठा ग्राहक दर वर्षी दर कमी करून मागतो. त्यामुळे मला मधले उत्तर योग्य वाटते. एखाद्या कंपनीकडे असा भाग असेल जो वाहन कंपनीने आराखड्यातच मंजूर केला आहे आणि पुरवठादार बदलायला वर्षे लागतात, तर तिसऱ्या उत्तराकडे सरकायला हरकत नाही. हा निर्णय एक्सेल देत नाही. त्यासाठी धंदा समजून घ्यावा लागतो.

मधल्या उत्तरातल्या १२५ रुपयांपैकी ८० रुपये, म्हणजे ६४ टक्के, आजच्या ताळेबंदातून आले आहेत. म्हणून अपेक्षेचा दर १२ ऐवजी ११ धरला तर किंमत १३३ येते, १३ धरला तर ११८. फार हलत नाही. आरओई मात्र हलवतो: १६ टक्के धरला तर १०१, २४ धरला तर १५२. वेळ कुठे घालवायचा हे यातून ठरते. दर साडेअकरा की बारा यावर वाद घालण्यापेक्षा टिकाऊ आरओई किती, यावर एक आठवडा द्या.

भावालाच प्रश्न विचारा

आपली कक्षा ११० ते १६१. बाजारभाव २४०. आता "बाजार चुकला" असे लगेच म्हणू नका. उलटे गणित करा: २४० रुपये रास्त ठरायला काय खरे असावे लागेल? एक्सेलमध्ये उदार उत्तराचे सूत्र तसेच ठेवून आरओई वाढवत न्या. २६ टक्क्यांवर किंमत २३९ येते.

म्हणजे आजचा भाव असे गृहीत धरतो की गेल्या वर्षीचा २६ टक्के आरओई सलग पाच वर्षे टिकेल आणि त्यानंतर जादा नफा कायमचा तेवढाच राहील. सात वर्षांची ओळ पुन्हा पाहा. २६ एकदाच आला, भरतीच्या वर्षी. भाव त्या एका वर्षावर उभा आहे. हे कळल्यावर प्रश्न सोपा होतो. कंपनीत असे काही बदलले आहे का, ज्यामुळे ते वर्ष अपवाद न राहता नियम होईल? नवा निर्यात ग्राहक, जास्त मार्जिनचे उत्पादन, मोठा स्पर्धक बंद पडणे? उत्तर अहवालात आकड्यांसह सापडले तर आरओई वाढवून गणित पुन्हा करा. सापडले नाही तर थांबा. मी स्वतः रास्त किंमतीपेक्षा पाव हिस्सा तरी खाली भाव आल्याशिवाय नवख्याला खरेदी सुचवत नाही, कारण आपल्या अंदाजात चूक असणारच. या उदाहरणात १२५ चा पाव हिस्सा सोडला तर ९४च्या आसपास.

ही रीत कुठे बदलावी लागते

बँकेत कर्ज हाच कच्चा माल असतो, म्हणून तिथे नेटवर्थ साफ करताना निव्वळ अनुत्पादित कर्जे (वसुली थकलेली, तरतूद वजा जाता उरलेली) पूर्ण वजा करून पाहावीत. शिवाजीनगरच्या 'लोकमंगल'मधून चालणाऱ्या बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या बँकेला बाकीची पद्धत छान लागू पडते, कारण बँकेच्या मालमत्ता बऱ्याच अंशी पैशातच असतात.

पर्सिस्टंट किंवा केपीआयटीसारख्या सॉफ्टवेअर कंपनीत अडचण वेगळी आहे. तिथली खरी मालमत्ता म्हणजे माणसे आणि ग्राहक, आणि ती ताळेबंदात येत नाही. पुस्तकी मूल्य छोटे, आरओई मोठा, आणि किंमतीचा बहुतेक भाग जादा नफ्यातून येतो. गणित चुकत नाही, पण ताळेबंदाचा आधार कमी मिळतो. तिथे पाचऐवजी दहा वर्षे मांडा आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर पर्यायांमुळे शेअरसंख्या किती वाढते ते जरूर धरा. 'डायल्यूटेड' ईपीएस, म्हणजे ते वाढीव शेअर धरून काढलेला शेअरमागचा नफा, त्यासाठीच छापतात.

बजाज होल्डिंग्जसारखी गुंतवणूक कंपनी हा तिसरा प्रकार. बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्हमधला तिचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे, पण कन्सॉलिडेटेड ताळेबंदात तो बाजारभावाने न येता त्या कंपन्यांच्या हिशेबी मूल्यानुसार येतो. इथे पुस्तकी मूल्य पाया म्हणून धरू नका. आतल्या प्रत्येक कंपनीची किंमत वेगळी काढा आणि वाट्याप्रमाणे बेरीज करा. बाजार अशा कंपन्यांना त्या बेरजेपेक्षा बराच कमी भाव देतो, आणि ती सूट कधी कमी होईल याचे गणित नाही.

शेअर आणि रोख्यांवरचा काही नफा-तोटा 'अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम'मधून थेट नेटवर्थमध्ये जातो आणि निव्वळ नफ्यात दिसत नाही. ज्या कंपनीत ही रक्कम मोठी असते, तिथे सात वर्षांची सरासरी काढताना तीही जमेला धरा.

नोकरदारांसाठी एक गोष्ट

तुम्ही किंवा घरचे कुणी ज्या नोंदणीकृत कंपनीत काम करते तिचाच शेअर पाहत असाल, तर आतून कळलेली, अजून जाहीर न झालेली माहिती या गणितात घालायची नाही. शेअर बाजाराची नियंत्रक सेबी हिच्या २०१५ च्या नियमांखाली तो गुन्हा आहे. ज्या पदांवरच्या लोकांना ही बंदी लागू आहे त्यांची 'ट्रेडिंग विंडो', म्हणजे त्या शेअरच्या खरेदी-विक्रीची मुभा, तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास उलटेपर्यंत बंद असते. तुमचे नाव त्या यादीत आहे का, हे कंपनी सेक्रेटरीच्या खात्यात विचारून घ्या.

गणित जिवंत ठेवा

वार्षिक निकाल ३१ मार्चनंतर ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत येतात. पहिल्या तीन तिमाहींचे निकाल प्रत्येकी ४५ दिवसांत, म्हणजे जूनअखेरचे १४ ऑगस्टपर्यंत. तिमाहीला किंमत बदलायची गरज नसते; येणी आणि कर्ज दाखवणारा सहामाही ताळेबंद मात्र सप्टेंबरअखेरच्या निकालांसोबत पाहून घ्या. मे महिन्यात पाया, शेअरसंख्या आणि आरओईची ओळ एवढे तीन आकडे बदला. पत्रकाची मागच्या वर्षीची प्रत पुसू नका. नवी प्रत तारीख घालून शेजारी ठेवा आणि तुमचा अंदाज कुठे चुकला, नेटवर्थमध्ये, नफ्यात की टिकाऊपणात, हे दोन ओळींत लिहा. पुढच्या कंपनीला हात घालण्याआधी त्या दोन ओळी वाचा.